निरंकुश सत्ता आणि निरपेक्ष सत्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात राज्यशास्त्र, इतिहास किंवा तत्त्वज्ञान मराठीतून वाचणाऱ्यांना 'अ‍ॅब्सोल्यूटिझम' या संकल्पनेबद्दल जवळजवळ तेच प्रश्न पडतात. काही प्रश्न महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे असतात, काही स्पर्धा परीक्षेच्या तयारीतल्या मुलामुलींचे आणि बरेचसे वाचनालयात नेमाने येणाऱ्या ज्येष्ठ मंडळींचे. त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत. उदाहरणे जमेल तिथे गोव्याचीच घेतली आहेत. १५१० ते १९६१ एवढा काळ दूरच्या राजधानीतून सत्ता अनुभवलेल्या या भूमीला ही संकल्पना पुस्तकातून शिकण्याची फारशी गरज नव्हती.

अ‍ॅब्सोल्यूटिझम म्हणजे थोडक्यात काय?

राजकारणात : राज्यातली अंतिम सत्ता एकाच हाती असावी आणि त्या सत्तेला दुसऱ्या कोणाची मंजुरी लागू नये, असे मानणारा विचार, तसेच त्या विचारावर उभी राहिलेली राज्यपद्धती.

तत्त्वज्ञानात : काही सत्ये किंवा मूल्ये कशावरही अवलंबून नसतात, काळ बदलला, समाज बदलला, पाहणारा बदलला तरी ती तशीच राहतात, ही भूमिका.

दोन्हीकडे 'बंधनातून मोकळे असणे' हीच कल्पना मुळाशी आहे. एकीकडे मोकळा असतो तो राजा, दुसरीकडे मोकळे असते ते सत्य. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे किती घोटाळे होतात ते पुढे येईलच.

मराठीत कोणता शब्द वापरावा?

राजकीय अर्थाने 'निरंकुश सत्ता' किंवा 'अनियंत्रित राजसत्ता' आणि तात्त्विक अर्थाने 'निरपेक्षतावाद'. जुन्या तत्त्वज्ञानविषयक लेखनात 'केवलवाद' भेटतो, तोही चालतो. 'सर्वंकष' हा शब्द मात्र इथे वापरू नका, त्याचे काम वेगळे आहे.

राजकारणात ही कल्पना केव्हा आणि का रुजली?

सोळाव्या-सतराव्या शतकातल्या युरोपात, आणि भीतीपोटी. फ्रान्समध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांचे गळे कापत होते. १५७२ साली पॅरिसमध्ये मोठे हत्याकांड झाले. त्यानंतर चार वर्षांनी झाँ बोदँ या कायदेपंडिताने सार्वभौमत्वाची व्याख्या मांडली : राज्यात एक तरी सत्ता अशी हवी, जी अखंड आहे आणि जिच्यावर दुसरी सत्ता नाही. त्याशिवाय भांडणे मिटवणार कोण?

इंग्लंडमध्ये यादवी युद्ध झाले, १६४९ मध्ये राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद झाला आणि १६५१ मध्ये थॉमस हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञाने हाच युक्तिवाद टोकाला नेला. राज्यच नसेल तर प्रत्येक माणूस दुसऱ्याचा शत्रू होतो, म्हणून सगळ्यांनी आपले हक्क एका सार्वभौमाच्या हाती सोपवावेत, असे त्याचे म्हणणे.

या विचारवंतांना जुलमाची आवड होती, असे समजणे चूक आहे. त्यांनी रक्तपात जवळून पाहिला होता आणि त्यावरचा उपाय ते शोधत होते. उपाय पटो न पटो, त्यांचा प्रश्न खरा होता. आजही कुठे दंगल झाली की 'कोणीतरी कडक माणूस हवा' असे चांगली चांगली माणसे म्हणतात, तेव्हा ती हॉब्जचेच बोलत असतात.

निरंकुश म्हणजे राजा वाटेल ते करू शकतो, असेच ना?

नाही. बोदँच्या मते राजा ईश्वरी आणि नैसर्गिक कायद्याने बांधलेला असतो, वारसाहक्काचा मूळ नियम त्याला मोडता येत नाही आणि प्रजेच्या संमतीशिवाय तिच्या मालमत्तेला हात लावता येत नाही. हॉब्जनेही एक गोष्ट माणसाकडेच ठेवली : जीव वाचवण्याचा हक्क. फाशीची शिक्षा कायदेशीर असली तरी कैद्याने प्रतिकार केला तर त्याला दोष देता येत नाही, असे तो म्हणतो.

म्हणजे बंधने होती. ती बंधने मोडली तर राजाला जाब विचारणारी संस्था मात्र या पृथ्वीवर नव्हती. निरंकुशतेची खूण ही आहे. कोणतीही सत्ता तपासताना 'ती कठोर आहे का' असे विचारू नका. 'तिला अडवण्याचा अधिकार कोणाकडे आहे आणि तो वापरता येतो का' असे विचारा.

राजाचा दैवी अधिकार आणि निरंकुशता एकच का?

दोन्ही बऱ्याचदा हातात हात घालून चालले, पण एक नव्हेत. 'मला देवाने नेमले' हे राजाच्या अधिकाराचे उगमस्थान झाले, तर 'मला कोणी अडवू शकत नाही' ही त्या अधिकाराची व्याप्ती झाली. हॉब्जचा सार्वभौम लोकांच्या करारातून जन्माला येतो, तरी तो निरंकुशच असतो. डेन्मार्कने तर १६६५ मध्ये राजाचे निरंकुश अधिकार चक्क लेखी कायद्यात मांडले.

चौदावा लुई खरोखर 'राज्य म्हणजे मीच' असे म्हणाला होता का?

याचा समकालीन पुरावा नाही. उलट मृत्युशय्येवर 'मी जातो आहे, राज्य मात्र कायम राहील' अशा अर्थाचे उद्गार त्याने काढल्याची नोंद आहे, आणि ते बरोबर विरुद्ध दिशेचे आहेत.

त्याची सत्ता प्रचंड होती, यात शंका नाही. १६६१ पासून त्याने मुख्यमंत्री नेमलाच नाही. १६८५ मध्ये प्रोटेस्टंटांना मिळालेले धर्मस्वातंत्र्य एका फर्मानाने रद्द केले. फ्रान्सची प्रतिनिधीसभा १६१४ नंतर थेट १७८९ मध्ये भरली. पण त्याच लुईला ब्रिटनी, लाँगदोक यांसारख्या प्रांतांच्या सभांशी कराबाबत घासाघीस करावी लागे, आणि सरकारी पदे विकत घेतलेल्या अधिकाऱ्यांना सहज काढता येत नसे. म्हणूनच आजचे बरेच इतिहासकार निरंकुशतेला वस्तुस्थितीपेक्षा दावा मानतात. मलाही ते पटते, मात्र एका अटीवर. दावा अपुरा राहिला म्हणून त्याचे चटके कमी होत नाहीत. १६८५ नंतर देशोधडीला लागलेल्या कुटुंबांना राजाची सत्ता किती टक्के निरंकुश होती, याचा काही उपयोग नव्हता.

पोर्तुगालचा राजा निरंकुश होता का? गोव्यात त्याचे काय दिसते?

हो, विशेषतः अठराव्या शतकात. पोर्तुगालची प्रतिनिधीसभा, म्हणजे कोर्तेस, १६९७-९८ नंतर १८२० च्या क्रांतीपर्यंत बोलावलीच गेली नाही. ब्राझीलचे सोने येऊ लागले होते, त्यामुळे कर मंजूर करून घेण्यासाठी कोणापुढे हात पसरण्याची गरज राजाला उरली नव्हती. ही आर्थिक बाजू नीट पाहा. सत्तेला प्रजेच्या पैशाची गरज उरली नाही की प्रजेच्या संमतीचीही उरत नाही.

गोव्यातले चित्र गुंतागुंतीचे आहे, आणि माझ्या मते निरंकुशता समजून घ्यायला यापेक्षा चांगला धडा नाही.

सुरुवात १५२६ पासून करू. त्या वर्षी अफोन्सो मेशिया या अधिकाऱ्याने गोवा बेटातल्या गावांच्या रूढी लिहून काढल्या. गावकारांचे, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांचे अधिकार, जमिनीची वहिवाट, गावाने भरायचा सारा, हे सगळे 'फोराल' नावाच्या त्या सनदेत आले. ज्या सत्तेने तलवारीने बेट घेतले, तिलाच 'गावकरी' ही गावकारांनी गाव चालवण्याची जुनी व्यवस्था कागदावर मान्य करावी लागली, कारण सारा गोळा करायला दुसरी यंत्रणा नव्हती. आजच्या कोमुनिदादींचा, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थांचा इतिहास सांगताना हा दस्तऐवज पुढे येतो तो याचमुळे.

पण पुढची वर्षे पाहा. १५४० च्या सुमारास तिसवाडीतली देवळे पाडली गेली आणि त्यांच्या जमिनी चर्चकडे वळवल्या गेल्या. १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे पाखंडी ठरवलेल्यांना शिक्षा करणारे धार्मिक न्यायासन, बसले. त्याच वर्षी कुशस्थळीचा म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा मंगेश नदी ओलांडून प्रियोळला नेण्यात आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली. ही दोन्ही गावे फोंडा महालात, आणि तो महाल तेव्हा आदिलशाहीत होता. लिस्बनच्या राजाचा शब्द कागदावर कितीही अंतिम असला तरी तो या काठापर्यंतच चालत होता, आणि भक्तांना हे पक्के ठाऊक होते.

मग येतो १६८४ चा हुकूम. विजरई, म्हणजे पोर्तुगीज व्हाइसरॉय, होता कोंद द आल्व्होर, फ्रान्सिस्कु द ताव्होरा. मराठी वाचकाला हे नाव परिचित आहे. १६८३ मध्ये संभाजीराजांच्या फौजा गोव्याच्या वेशीवर आल्या तेव्हा ज्याची पाचावर धारण बसली होती, तोच हा. ते संकट टळल्यावर जून १६८४ मध्ये त्याने फर्मान काढले : लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी आणि स्थानिक भाषा सोडून द्यावी. मातृभाषेवर हुकमाने बंदी! निरंकुशता आपल्या आवाक्याबद्दल किती गैरसमजात राहू शकते, याचे हे उदाहरण मी नेहमी देतो. तीन वर्षे गेली, तीनशे वर्षे गेली. कोकणी घराघरांत बोलली जात राहिली आणि १९८७ मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली.

निरंकुश सत्तेचा फटका सत्ताधाऱ्यांनाही बसतो का?

याचेही उत्तर गोव्याच्या इतिहासात आहे. त्याच आल्व्होर घराण्यातला मार्किस फ्रान्सिस्कु द आसिस द ताव्होरा १७५० ते १७५४ या काळात गोव्याचा विजरई होता. तो लिस्बनला परतला. १७५८ च्या सप्टेंबरमध्ये राजा पहिला जुझे याच्या गाडीवर गोळीबार झाला. राज्याची सूत्रे तेव्हा पुढे पोंबालचा मार्किस झालेल्या मंत्र्याच्या हाती होती. ताव्होरा कुटुंबावर राजहत्येच्या कटाचा आरोप ठेवून खास न्यायासन बसवले गेले आणि १३ जानेवारी १७५९ रोजी या माजी विजरईला, त्याच्या पत्नीला आणि मुलांना लिस्बनजवळ बेलें इथे जाहीरपणे ठार मारण्यात आले. ज्या माणसाने गोव्यात राजाच्या नावाने हुकूम काढले, त्याला त्याच राजाच्या हुकमाविरुद्ध दाद मागायला जागा नव्हती.

पोंबालची दुसरी बाजूही सांगायला हवी. १७५५ च्या भूकंपाने उद्ध्वस्त झालेले लिस्बन त्याने पुन्हा उभे केले. जेझुइटांना हाकलले. १७७४ मध्ये गोव्यातले इन्क्विझिशन बंद केले. यालाच इतिहासात 'प्रबुद्ध निरंकुशता' म्हणतात : सुधारणा वरून, प्रजेला न विचारता. काही सुधारणा निर्विवाद चांगल्या होत्या. पण राजा वारला, १७७७ मध्ये पोंबाल पदावरून गेला आणि लगेच १७७८ मध्ये गोव्यात इन्क्विझिशन पुन्हा सुरू झाले. ते कायमचे उठले १८१२ मध्ये. एका माणसाच्या मर्जीने मिळालेली सुधारणा दुसऱ्याच्या मर्जीने जाते. 'चांगला हुकूमशहा काय वाईट?' असे जेव्हा जेव्हा कोणी विचारते, तेव्हा मी १७७४ आणि १७७८ ही दोन साले पुढे ठेवतो.

१७८७ चे पिंटोंचे बंड निरंकुशतेविरुद्ध होते का?

अंशतः. मूळचे गोमंतकीय धर्मगुरू आणि लष्करी अधिकारी यांना वरच्या पदांवरून डावलले जात होते, त्या अन्यायातून पोर्तुगीज सत्तेविरुद्ध कट शिजला. त्यात पिंटो घराण्यातली माणसे होती, म्हणून हे नाव. तो फुटला, आणि पंधरा जणांना पणजीत देहदंड झाला. फ्रेंच राज्यक्रांती त्यानंतर दोन वर्षांनी झाली, एवढे ध्यानात ठेवा.

पोर्तुगीज काळात 'निरंकुशवादी' असा उघड गट होता म्हणतात. खरे का?

खरे आहे. १८२० मध्ये पोर्तुगालमध्ये उदारमतवादी क्रांती झाली, १८२२ मध्ये संविधान आले आणि त्या कोर्तेससाठी गोव्यातूनही प्रतिनिधी निवडले गेले. बर्नार्द पेरिश द सिल्व्हा हे त्यांतले एक. पुढे राजपुत्र मिगेल याने १८२८ मध्ये संविधान बाजूला सारून स्वतःला राजा घोषित केले. त्याच्या पाठीराख्यांना अभिमानाने निरंकुशवादी म्हणवून घेताना संकोच वाटत नसे. यादवी युद्ध १८३४ पर्यंत चालले आणि संविधानवादी जिंकले. १८३५ मध्ये पेरिश द सिल्व्हा गोव्याचे प्रमुख प्रशासक होऊन आले. हे पद मिळवणारे ते पहिले गोमंतकीय. पण इथल्या लष्करी गटांनी त्यांना काही दिवसांतच पदच्युत केले. लिस्बनमध्ये संविधान जिंकले तरी पणजीत त्याला बंदुकीपुढे उभे राहता आले नाही.

सालाझारची राजवट निरंकुश म्हणायची का?

काटेकोर अर्थाने नाही. ती हुकूमशाही होती. निरंकुश राजसत्ता बहुधा वारसाहक्काने आणि देवाच्या नावाने चालते. सालाझार १९३२ मध्ये पंतप्रधान झाला, १९३३ मध्ये त्याने संविधान आणले, निवडणुका होत आहेत असे दाखवले आणि प्रत्यक्षात सगळी दारे बंद केली. १९३० च्या वसाहतविषयक कायद्याने गोमंतकीयांचा दर्जा आणखी खाली आला होता.

लग्नपत्रिकाही छापण्याआधी सेन्सॉरला दाखवावी लागे, असे तो काळ पाहिलेली माणसे सांगतात. मुहूर्त, वधूवरांची नावे, 'आपले विनीत' खालची यादी, एवढ्या मजकुरावर सरकारी नजर! १९५४ मध्ये डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी एका मेजवानीत 'गोवा म्हणजे पोर्तुगालच' या अर्थाच्या भाषणाला आक्षेप घेतला, तोही 'मी निषेध करतो' इतकाच. त्यांना अटक करून पोर्तुगालला पाठवले गेले. मराठी शिक्षक म्हणून गोव्यात आलेले मोहन रानडे १९५५ मध्ये पकडले गेले आणि पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटले १९६९ मध्ये, गोवा मुक्त होऊन सात वर्षे उलटून गेल्यावर.

म्हणून वर्गीकरणात 'हुकूमशाही' लिहा. पण हुकूमशाही निरंकुशतेपेक्षा सौम्य असते, असा अर्थ कृपया काढू नका. चौदाव्या लुईकडे लग्नपत्रिका तपासण्याइतकी माणसे नव्हती.

मग सर्वंकषवाद म्हणजे काय?

विसाव्या शतकातली गोष्ट. नाझी जर्मनी, स्टालिनचा रशिया. निरंकुश राजाला तुमची आज्ञाधारकता पुरते. सर्वंकष सत्तेला तुमचे मन हवे असते : काय वाचता, मुलांना काय शिकवता, कोणाशी मैत्री करता. त्यासाठी एकच पक्ष, गुप्त पोलीस आणि अखंड प्रचार लागतो. जुलूमशाही हा शब्द मात्र रचनेबद्दल काही सांगत नाही, तो सत्ताधाऱ्याच्या वागणुकीवरचा निवाडा आहे.

शिवाजी महाराजांचे राज्य निरंकुश होते का? अष्टप्रधान मंडळ होते ना?

अष्टप्रधान मंडळ म्हणजे आजचे मंत्रिमंडळ नव्हे. प्रधानांना महाराज नेमत आणि ते महाराजांनाच जबाबदार असत. तेवढ्यापुरती सत्ता एका हाती होती. तरीही युरोपीय साचा इथे जसाच्या तसा बसत नाही. आपल्या परंपरेत राजा कायदा निर्माण करत नाही. धर्मशास्त्र, देशाचार, जातिधर्म त्याच्या आधीपासून असतात, आणि त्यांचे रक्षण हा राजधर्म असतो. वतनाचे, हद्दीचे तंटे गोतसभेपुढे चालत. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, ही महाराजांची ताकीद म्हणजे सत्तेने स्वतःवर घालून घेतलेला अंकुश. त्याचे मोल मोठे आहे. मात्र तो अंकुश राजाच्या शीलावर अवलंबून होता, आणि प्रत्येक गादीला तसा राजा मिळत नाही, हे आपल्याच इतिहासाने दाखवले आहे.

आज जगात निरंकुश राजसत्ता कुठे आहेत?

सौदी अरेबिया, ओमान, ब्रुनेई, इस्वातिनी. व्हॅटिकनमध्ये पोपची सत्ताही रचनेच्या दृष्टीने निरंकुशच आहे. गोव्यातली हजारो कुटुंबे आखातातल्या पगारावर उभी राहिली, तेव्हा हा विषय आपल्यासाठी सातासमुद्रापारचा नाही. 'तिथे सगळे सुरळीत असते' असे परतलेले लोक सांगतात आणि ते त्यांच्या अनुभवाला धरून असते. पण मालकाशी वाद झाला, पासपोर्ट अडकला, तेव्हा दाद मागायला किती जागा होत्या, हेही त्यांनाच विचारावे.

भारतात संसद निरंकुश आहे का?

नाही. केशवानंद भारती खटल्यात २४ एप्रिल १९७३ रोजी तेरा न्यायाधीशांच्या पीठाने सात विरुद्ध सहा मतांनी ठरवले की संसद संविधानात दुरुस्ती करू शकते, पण त्याची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. एका मताचे अंतर!

अंकुश असूनही तो निकामी कसा होतो, हे १९७६ मध्ये दिसले. आणीबाणीत अटक झालेल्याला न्यायालयात धाव घेता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. न्या. ह. रा. खन्ना एकटे विरोधात राहिले. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही अशी तरतूद झाली, आणि २०१७ मध्ये तो जुना निकालही न्यायालयाने चुकीचा ठरवला.

डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात सांगितले होते की धर्मातली भक्ती मोक्षाकडे नेईल, राजकारणातली भक्ती मात्र अधःपाताकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते.

आता तत्त्वज्ञानाकडे. 'निरपेक्ष तत्त्व' म्हणजे काय?

जे असण्यासाठी दुसऱ्या कशाचीही गरज नाही ते. गोव्यात हे समजवायला जर्मनीला जावे लागत नाही. कवळे मठाची परंपरा अद्वैताची आहे : ब्रह्म हेच निरपेक्ष सत्य, जग व्यवहारापुरते सत्य. काणकोणातल्या पर्तगाळ मठाची परंपरा मध्वाचार्यांच्या द्वैताची : विष्णू एकटा स्वतंत्र, जीव आणि जग परतंत्र, पण तितकेच खरे. दोन्ही मठांचे अनुयायी एकाच समाजातले, एकमेकांच्या घरी जेवणारे. निरपेक्ष तत्त्व आहे यावर दोघांचे एकमत आणि ते कसे आहे यावर शतकानुशतके मतभेद. युरोपात हेगेल या जर्मन तत्त्वज्ञाने हाच शोध वेगळ्या वाटेने घेतला. त्याचे निरपेक्ष तत्त्व इतिहासातून उलगडत जाते.

भौतिकशास्त्रातही हा वाद झाला. न्यूटनने १६८७ मध्ये निरपेक्ष अवकाश आणि काळ मांडले, लायब्निझने ते नाकारले आणि १९०५ मध्ये आइन्स्टाइनने निरपेक्ष काळाची कल्पना मोडीत काढली. 'म्हणून नीतीसुद्धा सापेक्ष' असा निष्कर्ष त्यावरून काढणे मात्र निराधार आहे. घड्याळांविषयीचा सिद्धांत प्रामाणिकपणाबद्दल काही सांगत नाही.

नैतिक निरपेक्षतावाद म्हणजे कधीच खोटे बोलायचे नाही?

जर्मन तत्त्वज्ञ कांटचे उत्तर : हो, कधीच नाही. १७९७ मधल्या एका निबंधात त्याने अगदी अवघड प्रसंग घेतला. खुनी दाराशी आला आहे, तुमचा मित्र घरात लपला आहे. तरी खोटे बोलू नका, असे कांट सांगतो.

आपल्याकडे महाभारताच्या कर्णपर्वात हाच प्रसंग आहे आणि निवाडा उलट आहे. अर्जुनाची प्रतिज्ञा होती की 'गांडीव दुसऱ्याला दे' असे जो म्हणेल त्याचा वध करीन. रागाच्या भरात युधिष्ठिर तेच म्हणाला, आणि अर्जुनाने भावावर तलवार उपसली. तेव्हा कृष्णाने त्याला कौशिक नावाच्या ब्राह्मणाची गोष्ट सांगितली. कौशिकाचे व्रत होते सत्य बोलण्याचे. दरोडेखोरांना भिऊन काही माणसे त्याच्या देखत रानात शिरली. मागून दरोडेखोर आले, त्यांनी विचारले, आणि कौशिकाने खरे ते सांगून टाकले. ती माणसे मारली गेली. कौशिक नरकात गेला.

मला ही गोष्ट कांटच्या निबंधापेक्षा शहाणी वाटते. कृष्ण सत्याला कमी लेखत नाही. ज्यामुळे प्राणिमात्रांचे धारण होते तो धर्म, असे तो सांगतो, आणि ती कसोटी सोडत नाही. नियम अपवादाला वाकतो, ज्यासाठी नियम आहे ते वाकत नाही. कांटच्या बाजूनेही एक गोष्ट मान्य करायला हवी : आपण घेतलेली सूट प्रत्येकाला आपापली न्याय्यच वाटते. 'नरो वा कुंजरो वा' म्हणतानाही युधिष्ठिराकडे कारण होतेच.

सार्वत्रिक नीती आणि निरपेक्ष नीती यांत फरक काय?

सार्वत्रिक नियम सगळ्यांना लागू असतो, निरपेक्ष नियमाला अपवाद नसतो. 'स्वसंरक्षण सोडून कोणाला मारू नये' हा नियम सार्वत्रिक आहे, निरपेक्ष नाही.

आपल्या संविधानातच दोन्ही नमुने शेजारी आहेत. कलम १९ भाषणस्वातंत्र्य देते आणि लगेच वाजवी निर्बंधांची यादीही देते. कलम १७ अस्पृश्यता नष्ट करते आणि त्याला एकही 'परंतु' नाही. भाषणस्वातंत्र्य निरपेक्ष असावे असे मानणारे अमेरिकेत आहेत. तिथले न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक हे त्यांतले ठळक नाव. भारताने तो मार्ग घेतला नाही.

'ज्याचे त्याचे खरे' ही सापेक्षतावादी भूमिका जास्त सहिष्णू नाही का?

दिसते तशी. पण 'ज्याचे त्याचे खरे' म्हटल्यावर इन्क्विझिशन चुकीचे होते, हे कशाच्या आधारावर म्हणणार? त्या न्यायासनाचेही 'त्याचे खरे' होतेच. जैनांचा अनेकान्तवाद याहून खोल आहे. वस्तूला अनेक बाजू आहेत आणि प्रत्येक विधान एका बाजूने खरे, असे तो म्हणतो. सगळी विधाने सारखीच खरी, असे तो म्हणत नाही.

निरपेक्ष सत्य मानणारा माणूस निरंकुश सत्तेकडे झुकतो, हे बरोबर ना?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि त्यामागचा समज मला सर्वांत घातक वाटतो. इतिहास याच्या उलट साक्ष देतो.

हॉब्ज घ्या. चांगले-वाईट ही आपल्या आवडीनिवडींना दिलेली नावे, असे तो म्हणतो. म्हणूनच, त्याच्या मते, शेवटचा शब्द कोणाचा हे सार्वभौमाने ठरवायचे. नीतीबाबत सापेक्ष, सत्तेबाबत निरंकुश! त्याच्यानंतरचा इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक बरोबर उलटा : नैसर्गिक कायदा सर्वांवर बंधनकारक, राजावरही. म्हणूनच राजाला हटवता येते. वरचा नियम मानलाच नाही, तर राजाला कोणत्या नियमाने तोलणार?

१८ जून १९४६ ला मडगावात राममनोहर लोहिया बोलायला उभे राहिले तेव्हा सभेवर बंदी होती आणि कायदा पूर्णपणे पोर्तुगीजांच्या बाजूने होता. त्यांच्याकडे होता तो एकच आधार : माणसाला बोलण्याचा हक्क कोणत्याही सरकारने दिलेला नाही, म्हणून कोणतेही सरकार तो काढून घेऊ शकत नाही. हा निरपेक्ष दावा आहे. गोव्याच्या सीमेवर पत्रादेवीला ज्यांची स्मृती जपली आहे ते गोवा मुक्तीचे सत्याग्रही निःशस्त्र निघाले, ते 'आमचे आम्हाला खरे वाटते' एवढ्या बळावर निघाले नव्हते.

धोका कुठे असतो ते गांधीजींनी ओळखले होते. निरपेक्ष सत्य आहे, असे ते मानत. पण ते हाती येत नाही तोवर आपल्याला जाणवलेले सापेक्ष सत्य धरून चालावे, असे आत्मकथेच्या प्रस्तावनेत त्यांनी लिहिले. म्हणूनच साधन अहिंसा : मी चुकत असेन तर त्रास मला व्हावा, समोरच्याला नको. इन्क्विझिशनही निरपेक्ष सत्याच्या नावाने चालले आणि सत्याग्रहही. पहिल्याला सत्य आपल्या मुठीत आहे याची खात्री होती आणि ते लादण्यासाठी तुरुंग होता. सत्याग्रह्याला सत्य आहे याची खात्री होती, मालकीचा दावा नव्हता. निरपेक्षतेवरचा विश्वास, ती आपल्याकडे आहे ही खात्री आणि ती सक्तीने लादण्याचा अधिकार, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवरून तिसरीवर उडी मारू नका.

'निरंकुश सत्ता पूर्ण भ्रष्ट करते' हे कोणाचे वाक्य?

इंग्रज इतिहासकार लॉर्ड अ‍ॅक्टन यांचे, १८८७ मधल्या एका पत्रातले. मूळ वाक्य सौम्य सुरू होते : सत्तेचा कल भ्रष्ट करण्याकडे असतो. 'कल' हा शब्द गाळू नये. ते पत्र इतिहासलेखनाविषयी होते. पोप आणि राजे यांना सामान्य माणसापेक्षा मऊ कसोटी लावू नका, असे ते बजावत होते.

बातम्यांत 'सरपंचाचा निरंकुश कारभार' असे छापतात. हा वापर बरोबर आहे का?

बोलीभाषेत चालतो, विश्लेषणात नाही. पंचायतीवर ग्रामसभा असते, पंचांना अविश्वास ठराव आणता येतो, पंचायत संचालनालय असते, वर उच्च न्यायालय असते. अंकुश आहेत, ते कोणी वापरत नसेल तर तो 'मनमानी कारभार'. हा फरक केवळ शब्दांचा नाही. 'निरंकुश' म्हटले की काही करता येणार नाही असे वाटून लोक घरी बसतात. 'मनमानी' म्हटले की पुढचे पाऊल सुचते : रविवारच्या ग्रामसभेला जायचे, मागच्या सभेचे इतिवृत्त वाचून दाखवायला सांगायचे, ठराव कोणी मांडला आणि अनुमोदन कोणी दिले ते विचारायचे, आणि आपला आक्षेप नोंदवून घेतल्याशिवाय उठायचे नाही.